हाताला विचारणारे शेजारी

छत्रीची मूठ कोपराच्या घडीत टेकवायची, दांड्यावर हात सरळ पसरायचा आणि तर्जनी कुठपर्यंत पोचते ते बघायचं. टोकियोत निशी-कसाई स्टेशनजवळच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, पावसाच्या दिवशी लोक हाताला लागेल ती छत्री घेऊन पळत असताना आमचे शेजारी हा प्रयोग करत उभे असायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांचा हात आखडलाय. मी मदतीला पुढे झालो, तर मलाच म्हणाले, "किंमत शेवटी बघा. आधी हाताला विचारा."

छापखान्यातून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले गृहस्थ. चौथ्या मजल्यावर त्यांचं दार आमच्या दाराला लागून. दारावर त्यांच्या आडनावाची पाटी होती, पण आमच्या घरात ते 'शेजारचे काका'च राहिले. आमचं बोलणं जपानीत. माझी जपानी तोयोसूच्या ऑफिसात शिकलेली, म्हणजे मीटिंगमध्ये माफी मागण्यापुरती उत्तम. एकदा ते आमच्याकडे पोळ्या होताना बघत बसले आणि बायकोला तिचं लाटणं हातात आडवं धरायला लावून म्हणाले, हे तुमच्या हाताला लहान आहे. महिन्याभराने चेरीच्या लाकडाचं नवं लाटणं आणून दिलं. तेव्हापासून आमच्या पोळ्या गोल होतात, असं बायको म्हणते. मला फरक कळत नाही, पण मी वाद घालत नाही.

मोजण्याची ही रीत बंदुकीची होती. गुन्माच्या डोंगरात त्यांचं गाव, वडील शिकारी. बंदुकीचा दस्ता कोपराच्या घडीत टेकवला आणि बोट चापावर सहज पडलं, तर ती बंदूक आपली, असं वडिलांनी शिकवलेलं. वडील गेले तेव्हा काका टोकियोत नोकरीला. बंदूक पोलिसांत जमा झाली. गावी आता थोरली बहीण एकटी राहायची. तिचं रताळ्याचं शेत होतं आणि रानडुकरं ते रातोरात नांगरून टाकायची. गावातले शिकारी म्हातारे झाले, तिघंच उरले, त्यातल्या एकाला तर धड दिसायचंही नाही. बहिणीने फोनवर सांगितलं होतं, या हिवाळ्याच्या हंगामात कुणी डुकरं कमी केली नाहीत, तर पुढच्या वर्षी मी काही लावणार नाही.

म्हणून त्रेसष्टाव्या वर्षी काका बंदूक घ्यायला निघाले. इथे ते छत्री घेण्याइतकं सोपं नाही. पोलिसांचा वर्ग, लेखी परीक्षा, मैदानावर नेमबाजीची परीक्षा, डॉक्टरचा दाखला, घरात भिंतीला ठोकलेलं लोखंडी कपाट. काका रोज संध्याकाळी बाल्कनीत बसून पुस्तक पाठ करायचे. दोन्ही परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले, तेव्हा आमच्याकडे शिरा झाला.

मग बंदूक निवडायची. पेन्शनीत बसेल अशी, पहिली आणि बहुधा शेवटची. आता अशा वेळी पुण्याचा इंजिनियर काय करणार? मी एक्सेलमध्ये तक्ता केला. नवी की जुनी, वजन, नळीची लांबी, काडतुसं स्वस्त कुठली मिळतात, लोकांचे शेरे, शेवटी मी ठरवलेले गुण. काकांनी तो तक्ता दोन्ही हातांनी घेतला, नीट घडी करून खिशात ठेवला आणि दुकानात एकदाही बाहेर काढला नाही.

दुकान एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. मला परवाना नाही, तेव्हा कशालाही हात लावायचा नाही, असं दुकानदाराने नमस्कार करून बजावलं. मी देवळात उभं राहावं तसा हात मागे बांधून उभा राहिलो. माझ्या तक्त्यात पहिली आलेली बंदूक काकांनी खांद्याला लावली आणि खाली ठेवली. दुसरी हलकी होती, पण दस्ता लांब. तिसरी कोपऱ्यातली, जुनी, एकावर एक दोन नळ्यांची, दस्ता कधीतरी चिकटवून सांधलेला. वय झालेल्या कुणा शिकाऱ्याने परवाना परत करताना विकलेली. असल्या बंदुका आता कुणी घेत नाही, म्हणून स्वस्त आहे, दुकानदार सरळच म्हणाला. काकांनी ती उघडून नळीतून दिव्याकडे पाहिलं, आत गंज नाही ना. मिटून कानाशी हलवली, सांधा वाजत नाही ना. मग दस्ता कोपराच्या घडीत टेकवला. बोट चापापाशी अलगद येऊन थांबलं.

हीच, ते म्हणाले. दुकानदाराने त्यांच्या नावाची चिठ्ठी बंदुकीला बांधली आणि परवाना येईपर्यंत ती कपाटात ठेवून दिली. परतीच्या गाडीत काका बहिणीला कसं सांगायचं याचा विचार करत होते. गाडीत फोन करायचा नाही हा इथला नियम त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच जाचला असावा.

आता माझ्याकडे येतो. परवाना देण्याआधी पोलीस शेजारपाजारी विचारपूस करतात. सप्टेंबरातल्या एका शनिवारी वहीवाला तरुण पोलीस आमच्या दारात उभा राहिला. शेजारचे गृहस्थ कसे आहेत? भांडणं, दारू, अलीकडे काही बदल?

आपल्याकडे कुणाची शिफारस करायची म्हणजे चार शब्दांत भागत नाही. माणूस किती हळवा आहे ते सांगितल्याशिवाय तो चांगला आहे हे पटत नाही आपल्याला. मी भांडण नाही, दारू नाही एवढं सांगून थांबायला हवं होतं. मी सुरू झालो. म्हटलं, फार मऊ मनाचे आहेत हो. त्यांची बायको जाऊन दोन वर्षं झाली, तरी रोज सकाळी बाल्कनीत चहाचे दोन कप ठेवतात. तिच्याशी बोलतात. नव्या वर्षाला आमच्याकडे जेवताना त्यांना रडू आवरलं नाही, इतकं प्रेम. पोलीस लिहीत होता. तो इतकं लिहितोय हे बघून मला आणखी चेव आला.

तो गेल्यावर बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात तेच लाटणं होतं.

"एवढं सगळं सांगायची काय गरज होती?"

"चांगलंच तर सांगितलं," मी म्हणालो.

ऑक्टोबर संपत आला तरी परवाना येईना. काकांना दोनदा बोलावणं आलं. मग एका सकाळी बाल्कनीत कपडे वाळत घालताना त्यांनी पलीकडून हाक मारली. अर्ज मागे घेतला, म्हणाले. पोलिसांनी फार अदबीने सुचवलं, आणखी एका डॉक्टरला दाखवा, एखादं वर्ष जाऊ द्या. त्यांचंही चुकलं नाही, हातात बंदूक द्यायची म्हणजे त्यांना विचार करायलाच हवा. दुकानदाराला फोन करून चिठ्ठी सोडायला सांगितली होती.

"त्यांनी दुसऱ्या कपाबद्दल विचारलं," काका म्हणाले. "बायकोचा आहे म्हणून सांगितलं. झोप येते का, म्हणाले. ती गेल्यापासून कमी येते, म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?"

त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. पण तो दुसरा कप दिसेल अशी बाल्कनी आख्ख्या इमारतीत एकच होती, आमची. हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. माफी मागायची जपानी मला सगळ्यात चांगली येते, हे मी वर सांगितलंच आहे. त्या सकाळी मी म्हणालो, "आज वाळतील का हो कपडे? ढग आलेत." त्यांनी आकाशाकडे पाहिलं आणि दुपारपर्यंत वाळतील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाल्कनीत एकच कप होता. त्यानंतर कधी दोन दिसले नाहीत. त्यांना पोलिसांची भीती वाटली, की माझी, ते मी आजतागायत ठरवू शकलेलो नाही.

हिवाळा गेला. बहिणीने वसंतात काही लावलं नाही. शेत सोडून ती जवळच्या शहरात दोन खोल्यांत राहायला गेली, तिथे तिला सोबत हवी म्हणून काकाही निघाले. जाताना रिवाजाप्रमाणे टॉवेलचा खोका घेऊन दारात आले, इतकी वर्षं त्रास दिला म्हणून वाकले. मी त्यांच्याहून खाली वाकलो. वाकलेलं असताना बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. बायको माझ्याकडे बघत होती. मी प्रवास सुखाचा होवो म्हणालो.

त्यांची बाल्कनी आता रिकामी आहे. मधल्या पडदीपलीकडे वाकून पाहिलं की एसीच्या बाहेरच्या खोक्यावर चहाच्या कपांचे दोन गोल डाग दिसतात. एक गडद, एक फिका. मधे सफाईवाल्या बाई आल्या तेव्हा घासताना अडल्या आणि त्यांनी पलीकडून मला विचारलं, कसले डाग आहेत, तुम्हाला काही माहीत आहे का.

"नाही," मी म्हणालो, आणि या वेळी त्याहून जास्त एक शब्द बोललो नाही.