गुरुवारची विनी

बायको विनी देवाघरी गेली आणि क्लिफर्ड गार्थवेटला गुरुवारचं कोडं पडलं. गुरुवारी दुपारी ती लाल टोपी चढवून "जरा हॉलवर जाऊन येते" म्हणायची आणि संध्याकाळी खुशीत परतायची. तिथे ती काय करते, हे क्लिफर्डने जन्मात विचारलं नाही. आमच्या गावात नवरा-बायकोसुद्धा एकमेकांना खोदून विचारत नाहीत, आणि हा तर बस चालवत आयुष्य काढलेला अबोल गडी. सकाळी दोन चमचे साखर घालून चहा तिच्या उशाशी ठेवला, की सगळं बोलून झालं असं तो धरून चालायचा.

आता त्याला एकच हवं होतं. विनी जिथे बसायची, तिथे तिच्या खुर्चीत एक दुपार बसायचं.

चर्चशेजारच्या हॉलमध्ये गुरुवारी तीन क्लब भरतात. आधी तो पत्तेवाल्यांकडे गेला.

"विनी गार्थवेट? नाही बुवा, इथे नाही कुणी त्या नावाचं."

गायनवाल्यांनी त्याला खर्जातल्या पुरुषांच्या रांगेत उभं करून अख्खं गाणं म्हणून घेतलं आणि मग तेच उत्तर दिलं. त्याचं डोकं गरगरायला लागलं. शेजारी राहणाऱ्या लेन नावाच्या गड्याने जखमेवर मीठ चोळलं.

"क्लिफ, बायका दुपारी कुठे जातात ते शोधू नये. सापडलं तर काय करशील?"

"तोंड आवर, लेन," क्लिफर्ड म्हणाला खरा, पण शंका त्याच्या मनातून जाईना.

राहिला पुष्परचनेचा क्लब. पुढच्या गुरुवारी तिथल्या अध्यक्षीणबाई, मिसेस थर्लो, यांनीही मान हलवली. मात्र तसंच घालवून देणं बरं दिसेना, म्हणून त्याच्या हातात डॅफोडिलची पिवळी फुलं दिली. तो ती फुलं उगाच खाली-वर करत बसला. मग चहा आला. नुसतं गढूळ पाणी.

"आमची मॉरीन गेल्या हिवाळ्यापासून येईनाशी झाली," मिसेस थर्लो हळहळल्या. "चहा ती बघायची. काय झालं, कोण जाणे. घरी जाऊन विचारणं म्हणजे आगाऊपणा, नाही का?"

क्लिफर्ड कप ठेवायला स्वयंपाकघरात गेला आणि तिथेच थबकला. खुंटीला एप्रन लटकत होता. त्याच्या खिशाला निळं ठिगळ होतं, क्लिफर्डच्या बसवरच्या नोकरीतल्या जुन्या पँटचं. विनी ते कापत होती तेव्हा त्याने स्वतः कुरकुर केली होती.

"हा कुणाचा?"

"मॉरीनचा," मागोमाग आलेल्या मिसेस थर्लो म्हणाल्या. "ओळखता तिला?"

"माझी बायको होती ती," क्लिफर्ड म्हणाला. "वारली. आणि तिचं नाव मॉरीन नव्हतं. विनी होतं."

मिसेस थर्लो स्टूल ओढून बसल्या. "तिच्या आधी चहाला मॉरीन नावाची दुसरीच होती हो. ही आली त्या पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून सवयीने मॉरीन निघालं, आणि हिनं 'आले' म्हटलं! इतकी वर्षं ओ देत राहिली. बोलली का नाही?"

"तुम्हाला ओशाळं वाटलं असतं ना," क्लिफर्ड म्हणाला. त्याला रडू येत होतं, आणि लेनला जाऊन सांगावंसंही वाटत होतं.

मिसेस थर्लोंनी डोळे पुसले आणि नवं पाणी उकळायला ठेवलं. "कसा करू तुमचा?"

"विनीसारखा. दोन चमचे साखर."

त्यांचा हात डब्यावरच थांबला. "साखर? ती तर बिनसाखरेचा प्यायची. गोड चहा घशाखाली उतरत नाही, म्हणायची."

क्लिफर्डला चाळीस वर्षांच्या सकाळी आठवल्या. रोज रिकामा होऊन परत येणारा कप आठवला.

"मग तसाच द्या," तो म्हणाला.

चहा कडू लागला. त्याने तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला आणि म्हणाला, "छान झालाय."