धुऱ्यावरची बाटली

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दुसऱ्या माणसाविषयी असं लिहायचा मला अधिकार आहे का, कळत नाही. चुकलं तर क्षमा करावी.

देऊळघाटच्या या चाचांचं नाव मी घेणार नाही. त्यांच्या कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आणि शेजाऱ्याच्या साफ केलेल्या धुऱ्यावर कॉलेजच्या सरांनी आणि मी तंबूसारख्या जाळ्या लावल्या होत्या. जाळीच्या वरच्या टोकाला बांधलेल्या स्पिरिटच्या बाटलीत जे किडे पडत, त्यांच्या डीएनएवरून शेतात कोणते कीटक आहेत ते कळणार होतं. बाटल्या बदलायला मी दर आठवड्याला जाई.

काहीही विचारलं, की चाचा आधी खांद्यावरचा दुपट्टा झटकत, मग बोलत. त्यांच्या धुऱ्यावर बोरी-तरवडाचं रान माजलं होतं.

शेजारी म्हणे, "चाचा, बोंडअळीची धर्मशाळा हाये ही. जाळा एकदाची!"

चाचा दुपट्टा झटकत. "बाटलीले बोलू दे. अळी इथूनच येत असंन, तं मीच काडी लावतो."

एकदा जाळीच्या बाहेर बोंडअळीचा पतंग बसला होता. चाचांनी तो अलगद चिमटीत धरून बाटलीत टाकला.

मी विचारलं, "काऊन टाकला, चाचा? तुमच्याच विरुद्ध जाईन ना!"

"माह्या धुऱ्यावर बसला होता. मंग मोजला पाह्यजे त्याले."

मी ते सरांना सांगितलं आणि वाट पाहत राहिलो. शेवटी प्रयोगशाळेतून निकाल आला, तेव्हा धावतच शेतात गेलो. शेजारीही तिथेच होता.

"पतंग दोन्ही धुऱ्यांवर निघाला, चाचा. पण अळीले मारणारी बारीक माशी फक्त तुमच्या बाटलीत हाये."

शेजारी चाचांच्या धुऱ्याकडे पाहू लागला. चाचांनी दुपट्टा न झटकताच विचारलं, "मी टाकलेला पतंग सापडला ना त्याईले?"

"सापडला."

"मंग माशीचंही खरं असंन," म्हणत ते बोरीच्या सावलीत बसले.