नानांच्या चालींची वही लिलावात निघाली तेव्हा...

गेल्या आठवड्यात एका दुपारी मेहरूणच्या माझ्या घरात मी नुसत्या येरझारा घालत होते. हातात मोबाईल, गॅसवर कुकर... किती शिट्ट्या झाल्या, पत्ता नाही.

सकाळी मैत्रिणीनं एक लिंक पाठवली होती. ऑनलाईन लिलाव, 'अज्ञात संगीतकाराची हस्तलिखित वही'. फोटो मोठा केला. ते तिरकं अक्षर, तो लांब शेपटीचा 'ग'... अहो, अज्ञात कसले, हे तर माझे पेटीचे गुरू, धुळ्याचे नाना!

नानांनी नाटकांना, अहिराणी लग्नगीतांना किती चाली लावल्या! त्या चालींची ही वही एका ऑर्केस्ट्रावाल्यानं वापरायला नेली आणि कधी परत केलीच नाही. शेवटच्या आजारपणातही नाना तिचीच चौकशी करायचे.

ठरवलं... वही सोडवायची आणि धुळ्याला नानांच्या बायकोच्या, आमच्या अक्कांच्या हातात ठेवायची. त्यांना आधी काही सांगायचं नाही.

पण मी बोली लावली की लगेच कुणीतरी वर जायचं. परत मी, परत ते. पंखा फुल, तरी घाम. बसवेना, उभं राहवेना... शेवटी न राहवून अक्कांना फोन लावला.

"अक्का, नानांची वही सापडलीय. लिलावात आहे."

"माले माहीत शे माय! मन्ही सून मोबाईलवर बोली लाई ऱ्हायनी. पन कोनी एक जन सोडतच नही!"

"अक्का... ती मीच."

मग दोघी एकदम हसत सुटलो. "मी थांबते, तुमच्या सूनबाईंना घेऊ द्या," म्हणाले आणि स्क्रीनकडे पाहिलं... आम्ही बोलत होतो तेवढ्यात तिसऱ्याच कुणीतरी बोली लावली होती. लिलाव संपला होता.

"गई का?" अक्कांनी विचारलं.

"गेली."

मला रडू फुटलं. अक्का म्हणाल्या, "फोटोमा जे पान शे, ते वाच."

मी स्वर वाचत गेले. मधेच त्यांनी अडवलं. "लिखेल येगळं शे, माले त्यासनी शिकाडं येगळं. ये रविवारले. मी म्हनसू, तू लिखी ले."

काल जाऊन आले. अक्का गात होत्या, थांबत होत्या, दम लागला की पाणी पीत होत्या. एका लग्नगीताचा अंतरा आठवेना म्हणून चिडल्या, आणि मी निघताना जिन्यातच त्यांना तो आठवला... तिथेच उभ्या राहून त्यांनी म्हटला.

वही कुणाच्या घरी गेली, ही हुरहूर काही जात नाही. ज्यांनी घेतली त्यांना हात जोडून एवढंच सांगणं... कपाटात ठेवू नका. एकदा पेटी काढा आणि वाजवून बघा.