सरांची पाठ

१० मे. शेंगांची चटणी कुटून शेजारच्या सरांना द्यायला गेले. ते कायमचे मुलाकडे पुण्याला निघाले होते. शाळेत त्यांनीच मला मराठी शिकवलं. हौशी नाटकांत कामं करायचे. प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, हा रंगमंचावरचा नियम ते वर्गातही पाळायचे. फळ्यावर लिहायचे तेसुद्धा तिरके उभे राहून.

‘पुण्यात नाटकं लई असतात की, सर,’ मी म्हटलं.

‘असतात की. पण सोलापूर सोडल्यावर मला ओळखतंय कोण?’

एवढं बोलून ते भिंतीकडे वळले. त्यांची पाठ मी पहिल्यांदाच पाहिली. डबा टेबलावर ठेवून मी निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान गाडीत ठेवताना त्यांच्या मुलाला बजावलं, ‘सरांना तालमीला नेत जा.’

‘बघू की, ताई,’ म्हणत त्यानं डिकी लावली.