कबाबवाल्या चाचांनी लपवलेलं नाव

ती संध्याकाळ मला आजही लख्ख आठवते.

मी तेव्हा मोताळा तालुक्यात ठाणेदार होतो. बीटी कपाशी येऊन काही वर्षं झाली होती. आता फवारणी लागणार नाही असं लोकांना वाटलं होतं, पण मावा-तुडतुडे ही कीड काही हटत नव्हती. पोळा झाला की शिवारात जिकडे तिकडे पाठीवर पंप घेतलेली माणसं दिसत.

दिवेलागणीला रुग्णालयातून फोन आला. बसस्टँडजवळच्या कबाबच्या दुकानात खाल्लेली माणसं एकामागून एक दाखल होत होती. मी पोचलो तेव्हा एक बस कंडक्टर खाटेवर तडफडत होता. तोंडातून लाळ, अंगाला घामाच्या धारा, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. त्याची बायको माझा हात धरून म्हणाली, "साहेब, दर आठवड्याले तिथंच खातेत हे. कधी साधं पोट नाही दुखलं. आज काऊन असं झालं?"

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "फवारणीचं औषध पोटात गेलंय. असे पेशंट शेतातून येतात. कबाबच्या दुकानातून आजच आले."

म्हणजे विष होतं. कुणी घातलं, हा प्रश्न मला पडण्याआधी गावाला पडला होता, आणि उत्तरही गावानं काढून ठेवलं होतं. माझा एक खबऱ्या रुग्णालयाच्या फाटकाशीच थांबला होता. तो कानाशी येऊन पुटपुटला, "साहेब, चाचानं जहर घातलं म्हणून राह्यले लोक. पोरं घासलेट घेऊन दुकानाकडे निघाले."

आम्ही जीप तशीच दुकानाकडे पळवली. शेगडी अजून धगधगत होती, सळया निखाऱ्यांवर तशाच पडलेल्या. साठीचे चाचा कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभे होते. समोर जमलेल्यांत रोज त्यांच्याकडे खाणारीच बरीच माणसं होती. चाचांना जीपमध्ये घालताना एक दगड काचेवर बसला. दुकानाचा पंचनामा केला. खिमा, मसाला, कांदा, चटणी यांचे नमुने सील केले. पण तपासणीचा अहवाल यायला वेळ लागणार होता, आणि मला उत्तर त्याच घटकेला हवं होतं.

ठाण्यात मी चाचांना समोर बसवलं. "माल कुठून आणला?"

"समदा बाजारातून, साहेब."

"सगळा?"

"हाव. समदा."

बोलताना त्यांची नजर खिडकीकडे जात होती. बाहेर ठाण्यापुढे जमाव ओरडत होता. अनेक वर्षं चौकशा केल्यावर खोटं ऐकू येतं. हा माणूस काहीतरी लपवतोय, एवढं मला कळलं, आणि माझा संशय पक्का होत गेला.

तेवढ्यात हवालदार एका गिऱ्हाइकाला घेऊन आत आला. तो कंडक्टरच्याच बाकावर, त्याच्याच ताटलीत जेवला होता, आणि धडधाकट होता. मी विचारलं, "तू काय खाल्लं नाहीस?"

तो गोंधळला. "समदं खाल्लं की. चटणी तेवढी नाही घेतली. मले तोंड आलं हाये, झोंबते."

हवालदारानं रुग्णालयात घेतलेले जबाब मी वाचून काढले. आजारी पडलेल्या प्रत्येकानं चटणी खाल्ली होती. चटणी कोथिंबिरीची होती; तिकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. मी चाचांकडे वळलो. "चटणीतला सांभार कुणाचा?"

चाचा पुन्हा खिडकीकडे बघू लागले. मी खिडकी लावून घेतली, जमाव मागे हटवायला माणसं पाठवली आणि पुन्हा विचारलं.

"साहेब, खिमा मी स्वतः चाखला व्हता," ते हळूच म्हणाले. "लोक पडले तवाच मले समजलं, चटणीतच काही हाये. पण नाव कसं घेऊ? सांभार देते त्या बाईच्या घरावर ते लोक जातीन. बाई गरीब हाये. तिनं जाणून नाही केलं, मी कुरानवर हात ठेवून सांगतो."

"तिनं बाकीचा सांभार कुठं विकला?"

"दुसरीकडे नाही. समदा मलेच देते. एक जुडी घरी ठेवते फक्त."

आपण काय बोललो ते त्यांना तेव्हाच उमगलं. ते खुर्चीवरून उठलेच. "चला साहेब! तिच्या घरी पोरगी हाये!"

बाईचं गाव जवळच होतं, पण रस्ता संपता संपेना. चाचा सगळा वेळ ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. दारात बाई भाकरी थापत होती. मी विचारलं, "सांभार खाल्ला का कुणी?" पोलीस पाहून ती आधीच घाबरलेली. "नाही साहेब, आम्ही काही नाही केलं," एवढंच ती म्हणत राहिली. चाचा पुढे झाले. "बाई, तुले कोणी धरायले नाही आलं. पोरगी कुठं हाये?"

पोरगी मागच्या अंगणात ओकत होती. थोड्या वेळापूर्वी पहिल्या भाकरीसोबत तिनं एकटीनंच चटणी वाटून खाल्ली होती. बाईचा नवरा शेतातून नुकताच आला होता. सकाळी कपाशी फवारून झाल्यावर पंपात उरलेलं औषध त्यानं बांधाकडच्या सांभारावर मारलं होतं, मावा पडला होता म्हणून. बायकोला सांगायचं राहून गेलं, आणि तिनं दुपारी तोच सांभार खुडला. आम्ही पोरीला उचलून जीपमध्ये घातलं आणि रुग्णालय गाठलं.

पोरगी वाचली. कंडक्टरसह सगळी गिऱ्हाइकंही वाचली. घातपाताचा संशय मी कागदोपत्री काढून टाकला आणि ठाण्यापुढच्या लोकांना स्वतः उभं राहून खरं काय ते सांगितलं. बाईचं गाव मात्र सांगितलं नाही. जबाबावर सही करायला आले तेव्हा चाचांनी मला विचारलं, "साहेब, मी चूप बसलो ते बरोबर केलं का चूक?"

मी जबाबाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी नाव लगेच उच्चारलं असतं, तर ते घर पेटलं असतं. आणखी थोडा वेळ लपवलं असतं, तर ती पोरगी गेली असती.

तोवर मला वाटे, माणूस खोटं बोलतो ते स्वतःला वाचवायला. त्या दिवसानंतर मी चौकशीला बसलो की पहिल्यांदा खिडकी लावून घेई आणि समोरच्याला सांगे, की तू ज्याचं नाव घेशील त्याच्या दाराशी आधी माझी माणसं उभी राहतील, मग तू बोल.