सभाताईंचे मतदार

सभाताई आमच्याकडे चहाला आल्या तरी बोलण्याआधी हात वर करायच्या. दोघीच असलो तर नाही. पण तिसरं माणूस आलं, की समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत त्यांचा हात वर असायचा आणि कुणीतरी "बोला ताई" म्हटल्यावरच खाली यायचा. मराठी माणसांच्या घोळक्यात अशा बाईची पाळी कधी येणार? मंडळाच्या पिकनिकला त्या अशाच बराच वेळ हात वर करून बसल्या होत्या, तर एका काकूंना वाटलं, त्यांना आणखी भजी हवी आहेत. काकूंनी बशी पुढे केली. ताईंनी भजी खाल्ली आणि हात पुन्हा वर केला.

खरं नाव वैशाली. 'सभाताई' हे आम्ही पालकांनी पाठीमागे ठेवलेलं नाव. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत, फक्त शुक्रवारी शाळेच्या सभेत मांडलं, की मला असं एक नाव पडलंय, चालेल का. मुलांनी ते बहुमताने फेटाळलं. आम्ही पालकांनी वापरायचं काही सोडलं नाही.

त्या नागपूरच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे नेदरलँड्समधल्या एका छोट्या गावात गेल्या, आणि तिथे शेजारणीबरोबर एका शाळेत भाज्या चिरायला म्हणून गेल्या त्या आठेक वर्षं तिथेच रमल्या. ती लोकशाही शाळा होती. तास नाहीत, परीक्षा नाहीत. काय शिकायचं ते मुलाने ठरवायचं. शाळेचे नियम दर आठवड्याला सगळ्यांच्या सभेत व्हायचे, आणि सभेत सहा वर्षांच्या पोरीला एक मत तर मोठ्या माणसालाही एकच. नवऱ्याची बदली व्हर्जिनियात झाली, तेव्हा ताईंनी हर्नडनमध्ये एका चर्चचं तळघर भाड्याने घेऊन तशीच शाळा काढली. माझ्या इराला तेव्हा रोज सकाळी शाळेच्या बसच्या वेळेला पोटात दुखायचं. डॉक्टर झाले, सगळ्या टेस्ट झाल्या. शेवटी कुणीतरी म्हणालं, त्या नागपूरच्या बाईंची काहीतरी वेडी शाळा आहे, बघ जाऊन.

तिथे मुलं ताईंना नुसतं 'वैशाली' म्हणायची. पुण्याहून माझी आई आली होती, तिने हे ऐकलं आणि तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अगं, किमान मावशी तरी म्हणायला शिकवा!" ताई हसल्या. म्हणाल्या, "काकू, मी लहान असताना आमच्या नागपूरच्या शाळेत मास्तर सगळ्यांना नावाने हाक मारायचे, मला तेवढी आडनावाने. का, ते तुम्हाला कळतच असेल. आता कुणी 'वैशाली' म्हटलं की बरं वाटते मला." जाताना आईने ताईंच्या हातावर हात ठेवला.

मत ही त्यांच्यासाठी पुस्तकातली गोष्ट नव्हती, हे मला त्या दिवशी समजलं. त्यांच्या शाळेत शिक्षकसुद्धा दरवर्षी मुलांच्या मतांनी ठरायचे. ताई स्वतः काढलेल्या शाळेत स्वतः निवडणुकीला उभ्या राहायच्या. डब्यात छोला टाकला तर होकार, राजमा टाकला तर नकार. एका वर्षी त्यांच्या डब्यात दोन राजमे निघाले. मी असते तर ते दोघे कोण हे शोधून काढलं असतं. ताई आठवडाभर खुशीत होत्या. "दोघांना तरी पटलं की मला नाही म्हणता येते," असं जो भेटेल त्याला सांगत होत्या.

इरा पहिले चार महिने तिथल्या सोफ्यावर नुसती लोळत होती. मी प्रोजेक्ट मॅनेजर बाई. मला रोज काहीतरी पुढे सरकलेलं दिसावं लागतं. मी रडकुंडीला आले. ताई म्हणाल्या, "कशाला घाबरून राहिली तू? तिकडे नेदरलँड्सला आमचा एक पोरगा होता, दहा वर्षांचा होईपर्यंत त्याने अक्षर वाचलं नाही. सायकली खोलायचा. मग एका गिअरची माहिती कुठेच चित्रात मिळेना, तर महिन्याभरात वाचायला लागला. लोळू दे तिला. दमली आहे ती." मला वाटलं, आठ वर्षांची मुलगी कशाने दमते? पण मग एका पावसानंतर इरा उठली आणि चर्चच्या मागच्या ओढ्यात काठी रोवून पाणी मोजायला लागली. रोज मोजायची. काठीवर इंचांच्या मधल्या खुणा करता येईनात, म्हणून ताईंकडे दशांश शिकायला गेली. स्वतःहून. घरी येऊन ओढ्याबद्दल इतकं बोलायची, की आम्ही कंटाळायचो. पोटदुखी कधी थांबली तेही लक्षात आलं नाही.

असं सगळं असूनही मुलं कमी होत गेली. अ‍ॅशबर्नच्या डेटा सेंटरमध्ये काम करणारा एक बाबा मला पार्किंग लॉटमध्ये म्हणाला, "शाळा क्यूट आहे यार, पण कॉलेजचं काय? इथे कॉम्पिटिशन बघ ना." त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. प्रत्येक घरात जेवताना हेच चालायचं, आणि मुलांना कान असतात. एका शुक्रवारी त्याच बाबाच्या मुलाने सभेत प्रस्ताव मांडला: रोज सकाळी गणिताच्या वर्कशीट, आठवड्याला एक टेस्ट, सगळ्यांना सक्तीची. ताईंनी हात वर केला, पाळी आल्यावर विरोधात बोलल्या, आणि अध्यक्ष असलेल्या मुलीने "टाइम इज अप, वैशाली" म्हटल्यावर खाली बसल्या. प्रस्ताव पास झाला. विरोधात ताई, इरा आणि आणखी एखादं कुणी असेल. मुलांना सगळं स्वातंत्र्य दिलं होतं, आणि त्यांनी त्यातून नेमकी घरची भीती निवडली.

सोमवारी ताई स्वतः वर्कशीट वाटत उभ्या होत्या. मी चिडले. म्हटलं, ताई, शाळा तुमची आहे, मोडा तो ठराव. त्या म्हणाल्या, "मला पटेल तेवढाच ठराव मानायचा, तर मग त्या सभेत आणि माझ्या मास्तरांत फरक काय राहिला?" पुढचं व्हायचं तेच झालं. वर्कशीटच सोडवायच्या तर कौंटीची फुकटची सरकारी शाळा काय वाईट आहे, असं म्हणून पालकांनी एकेक मूल काढून घेतलं. सगळ्यात आधी त्या बाबाने.

पुढच्या वर्षी वसंतात पाचच मुलं उरली. मदतीची शिक्षिका दुसरी नोकरी पत्करून गेली आणि चर्चलाही तळघर परत हवं होतं. ताई महिनाभर जागा शोधत वणवण फिरल्या. मीही दोन-तीन ठिकाणी त्यांच्याबरोबर गेले. लोक पाणी विचारायचे आणि नाही म्हणायचे. मग त्यांच्या नवऱ्याला ट्रॉयला, दुसऱ्या राज्यात नोकरी लागली, आणि शाळा बंद करायचं ठरलं. ठरलं म्हणजे ठरावंच लागलं. तेव्हा ताई म्हणाल्या, "शुक्रवारी सभेत मांडते."

मी हात जोडले. "ताई, मतदान घेऊ नका. नुसतं सांगून टाका त्यांना. निर्णय झालाय ना?"

"आजवर एक पडदा त्यांना न विचारता बदलला नाही मी, मेघना. आणि एवढी मोठी गोष्ट न विचारता करू?"

"आणि मुलं नाही म्हणाली तर?"

"सगळं नीट समजावून सांगितलं तर मुलं समजून घेतात. मी पाहिलं आहे." एवढं बोलून त्या माझ्याकडे न पाहता कप धुवायला लागल्या. तो कप स्वच्छच होता.

त्या सभेला मी मागे उभी होते. ताईंनी काही लपवलं नाही. जागा, माणसं, ट्रॉय, सगळं सांगितलं. मुलांनी शहाण्यासारखे प्रश्न विचारले. अध्यक्ष तनिष्का होती, इराहूनही लहान. तिने मत मागितलं. शाळा बंद करण्याच्या बाजूने एकच हात वर गेला, ताईंचा. विरोधात पाच हात. तनिष्काने खणखणीत आवाजात जाहीर केलं, "मोशन फेल्ड. द स्कूल स्टेज ओपन." मुलांनी टाळ्या वाजवल्या, एकमेकांना मिठ्या मारल्या. एक जण तर पुढच्या वर्षी तळघराला कुठला रंग द्यायचा हेही बोलायला लागला. ताई जागेवर बसून होत्या. आयुष्यात मी कुणाला इतकं एकटं पाहिलेलं नाही.

महिनाअखेरीस तळघराला कुलूप लागलं. घरी इराने मला एवढंच विचारलं, "बट वी व्होटेड?" मी भाडं, नोकरी, बदली असलं काहीबाही सांगत राहिले. संध्याकाळी ताई आल्या आणि तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "इरा, तुमचा ठराव मी मोडला. चर्चने नाही, कुणी नाही. मी."

"इज दॅट अलाउड?"

"नाही, बेटा."

इरा "ओके" म्हणून आपल्या खोलीत गेली. ताई दाराशी चपला घालताना मला म्हणाल्या, "शाळा गेली त्याचं मी सोसलं असतं गं. पण तुमचं मत मोजलं जाते, असं मी त्यांना इतकी वर्षं सांगितलं, आणि शेवटचा धडा हा दिला. निदान दुसऱ्या कुणी केलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मीच केलं." मी त्यांना गाडीपर्यंत सोडलं.

इरा आता कौंटीच्या मिडल स्कूलमध्ये आहे. पोटात दुखत नाही. ओढ्याकडे ती पुन्हा गेली नाही, मी एकदा चल म्हटलं, तर म्हणाली, "इफ यू वाँट." जेवायला काय करू विचारलं तरी तेच उत्तर. विद्यार्थी कौन्सिलची निवडणूक झाली, तिने मत दिलं नाही. का म्हणून विचारलं तर तिने खांदे उडवले. गेल्या महिन्यात शिक्षिकेला भेटायला गेले, तर ती बाई कौतुकाने सांगत होती, की इरासारखी मुलगी वर्गात असणं म्हणजे सुख आहे, जे सांगू ते करते, कधी वाद नाही, कधी प्रश्न नाही. मी थँक यू म्हणून बाहेर आले आणि गाडीत बसून खूप रडले.

त्या रविवारी ट्रॉयहून ताईंचा फोन आला. हल्ली त्या फार बोलत नाहीत. तिथे एका दुकानात काम करतात, त्याबद्दलही नाही. इकडचं-तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "इरा कशी आहे?" मला त्यांना दुखवायचं नव्हतं. मी म्हटलं, "मस्त आहे ताई. शाळेत सगळ्या टीचर्स खूश आहेत तिच्यावर. अजिबात त्रास नाही म्हणे तिचा."

पलीकडून ताई घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "का गं? काय झालं तिला?"