आंबापोळीच्या रंगाची फिल्म

दत्ताकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत होतो. खरं म्हणजे रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. मंगळवारी जायचं? शनिवारी म्युझियमचा माणूस दारात येणार असताना? अहो काका, चार दिवस कळ काढायला काय झालं होतं! या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण माझा राग तसाच आहे. फक्त आता तो काकांवर नाही.

काका इमारतींचे इंजिनिअर. ओहायोतल्या आमच्या गावातलं जुनं थिएटर पाडायचं ठरलं तेव्हा ते पाहणीला गेले आणि मालकाला विचारून प्रोजेक्टरच्या खोलीतून फिल्मची एक छोटी गुंडाळी घरी घेऊन आले. फ्रान्सच्या राज्यक्रांतीवरच्या एका मूकपटाचा तो तुकडा. त्या सिनेमाचं जगात दुसरं काहीच उरलेलं नाही, असं काकांनी पत्र लिहिल्यावर एका सिनेमा म्युझियमने कळवलं, आणि तो न्यायला माणूस पाठवायचं ठरवलं. अशी जुनी फिल्म उष्णतेने पेट घेते, म्हणून काकांनी ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून आइस्क्रीमच्या डब्यात घातली आणि डबा फ्रीजरमध्ये, खवलेल्या नारळाशेजारी. काकू म्हणायच्या, "क्रांती तुमची, आणि जळायचं माझ्या स्वयंपाकघराने!"

प्रोजेक्टरवर लावायची सोय नव्हती, म्हणून खेळ व्हायचा स्वयंपाकघराच्या खिडकीत. काका हातमोजे चढवून पट्टी उजेडात धरायचे, पाहुण्याच्या हाती भिंग द्यायचे आणि एकेक चित्र पुढे सरकवत गोष्ट सांगायचे. एक शिंपीण सरदाराच्या मुलाला कपाटात लपवते. जमाव दार ठोठावतो (इथे ओट्यावर काकांच्या मुठी!). ती कडीवर हात ठेवते... आणि फिल्म संपते. "पुढे?" मी विचारलं होतं. काका कुजबुजले, "उघडते रे. माणूसच ती, घाबरली."

आपल्यात कोणी गेलं की त्या घरी चूल पेटत नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या बायका पिठलं, भात, पोळ्या घेऊन आल्या, आणि ते सगळं ठेवायला जागा हवी म्हणून सेक्रेटरी नलूताईंनी फ्रीजर आवरायला घेतला. एखादी अमेरिकन बाई असती तर डब्यावर व्हॅनिला वाचून तो होता तिथेच ठेवती. पण मराठी घरात आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम नसतं, हे नलूताईंना चांगलंच ठाऊक! त्यांनी डबा उघडला.

"अहो, मला वाटलं आंबापोळी आहे," त्या मला म्हणाल्या. "तसाच रंग, तशीच गुंडाळी. वास मात्र आंबलेला. म्हटलं, काकूंना कशाला दाखवायची, टाकून दिली."

"आणि डबा?"

"डबा कशाला टाकू? चांगला घासून ठेवलाय की!"

घासून! कचऱ्याची गाडी केव्हाच निघून गेली होती. एवढी मोठी राज्यक्रांती आम्ही शिळं अन्न म्हणून फेकली, आणि एक फुकटचा डबा मात्र जपला. मी घरभर आरडाओरडा केला. नलूताई रडल्या, तरी मी थांबलो नाही. थांबायचं का म्हणून?

शनिवारी म्युझियमचा तो तरुण आला. त्याला हे सांगायचं कोणी? मी तोंड उघडणार एवढ्यात काकू त्याला खिडकीपाशी घेऊन गेल्या. हातात काहीच नाही, तरी दोन्ही हात उजेडात धरले आणि बोटांनी ती नसलेली पट्टी हळूहळू सरकवत सगळी गोष्ट सांगितली. मी शेजारी उभा राहून भाषांतर करत होतो. ओट्यावर मुठीसुद्धा आपटल्या त्यांनी. मग कडीवर हात... आणि त्या थांबल्या.

"दार उघडते ती?" त्याने विचारलं.

"छे! मला म्हणाले होते, मेली तरी उघडत नाही."

"काकू, मला तर उघडते म्हणाले होते!"

"तुला तसंच सांगणार ते," काकू म्हणाल्या, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

निघताना त्या तरुणाने डबा मागितला. नुसता, रिकामा. फिल्म त्यात राहिली होती, म्हणाला. काकूंनी तो पुसून त्याच्या हाती दिला आणि मला म्हणाल्या, "त्याला नीट समजावून सांग, आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत."

मी सांगितलं. फ्रीजरमध्ये नारळाशेजारी तेवढी जागा काकूंनी अजून मोकळी ठेवली आहे. नलूताईंनासुद्धा तिथे काही ठेवू देत नाहीत.